दावतीची देग, कलिंगडाची साल आणि घंटागाडी



रमजान आणि ईद होऊन गेली. शव्वालची लग्ने सुरू आहेत, दीड-दोन महिन्यांत बकरी ईद येईल. वर्षातल्या या दिवसांत चुलीवरचे पातेले रिकामे राहत नाही आणि दाराबाहेरचा डबाही. गेल्या दोन महिन्यांतल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडाने आला आहे : एवढे उरते, त्याचे करायचे काय? एका बहिणीने लिहिले आहे की, इफ्तारनंतर कलिंगड, खरबूज आणि केळीच्या सालींनीच डबा भरतो, घंटागाडी एक दिवसाआड येते आणि दुसऱ्या दिवशी डब्याजवळ उभे राहवत नाही. दुसरीचे दुखणे वेगळे. सासरी दावतीत देग उरली नाही तर कमीपणा वाटतो, आणि उरलेली बिर्याणी सकाळी नाल्याकाठी जाते.

इसराफला आपल्या दीनमध्ये मनाई आहे हे घरातले लहान मूलही सांगेल, म्हणून त्यावर इथे जागा घालवत नाही. अडचण माहितीची नाही, सवयीची आणि सोयीची आहे. तेवढ्यावरच बोलू.

आधी एक आकडा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली जो अहवाल काढला, त्यानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले जवळजवळ ६० टक्के हॉटेलांनी किंवा दुकानांनी नव्हे, घरांनी टाकले. भारतातल्या घरांसाठी त्यांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. पाच माणसांच्या घराला हे दिवसाला पाऊण किलो पडते. यात साली, देठ, हाडेही धरलेली आहेत, म्हणून लगेच दचकू नका. पण त्यातले न खाण्याजोगे किती आणि खाण्याजोगे किती, हे तुमच्या घरापुरते तुम्हीच शोधू शकता. आठ दिवस दोन डबे ठेवा. एकात सालीदेठी, दुसऱ्यात ताटात किंवा भांड्यात उरून टाकलेले. भाजीवाल्याकडच्या साध्या काट्यावर वजन केले तरी चालेल. बहुतेक घरांत दुसऱ्या डब्यात भात आणि रोटी सर्वांत जास्त निघतात, कारण त्या दोन गोष्टी आपण मापाने नाही, हाताच्या अंदाजाने करतो. लग्न होऊन दोन मुली सासरी गेल्या तरी अम्मीचा हात पूर्वीइतकाच आटा काढतो. तांदळाच्या डब्यात एक ठरलेली वाटी ठेवणे हा एवढाच उपाय आहे, आणि तो कुठल्याही भाषणापेक्षा जास्त काम करतो.

भाताबद्दल आणखी एक, कारण यात तब्येतीचा प्रश्न आहे. भात शिजवला तरी त्यातल्या एका जातीच्या जिवाणूचे बीज मरत नाही. भात तासन् तास गरम हवेत झाकून ठेवला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. बिर्याणी देगेतच झाकून रात्रभर ठेवायची आणि सकाळी दम देऊन वाटायची, ही पद्धत म्हणूनच धोक्याची. उरणार हे दिसले की मोठ्या परातीत पसरून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये घाला. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर एकच तास धरा.

आता दावत. साधारण एक किलो तांदळाची बिर्याणी आठ-दहा माणसांना पुरते, हे प्रत्येक भटाऱ्याला ठाऊक असते. गडबड होते ती यजमानाच्या बाजूने. पाचशे पत्रिका वाटल्या, सहाशे येतील म्हणून सातशेची तयारी, वर इज्जतीची एक देग. मला विचाराल तर ही शेवटची देग सर्वांत महाग असते, कारण ती खायला कोणीच नसते. दुसरी नासाडी वाढण्यात आहे. आग्रह करून ताटात ढीग घालणे ही आपल्याकडे मेहमाननवाजी समजली जाते. थोडे वाढावे आणि दोनदा फिरावे, पाहुणा उपाशी उठत नाही. मोठ्या थाळीत चौघांनी मिळून जेवण्याची जुनी रीत होती, तिच्यात ताटात टाकायला फारसे उरत नसे. हवा भरलेल्या चकचकीत हॉलमध्ये बुफे आला आणि एकेकाच्या प्लेटमध्ये चार-चार पदार्थ अर्धे राहू लागले.

उरलेच तर ते रात्रीच कुठे जाईल, हे दावतीच्या आधी ठरवा. २०१५ च्या डिसेंबरमध्ये औरंगाबादेत युसूफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली, ती अनेकांना आठवत असेल. तिची मला आवडलेली गोष्ट ही की, लोकांनी घरच्या ताज्या स्वयंपाकातल्या रोट्या आणि सालन तिथे जमा करायचे होते. आपल्याला नकोसे झालेले शिळे कुणाच्या तरी झोळीत टाकून पुण्य मोजण्याचा तो प्रकार नव्हता. लग्नाचे उरलेले देतानाही हीच कसोटी लावा. जे तुम्ही आपल्या मुलाला आत्ता खाऊ घालाल तेवढेच द्या, झाकून द्या, वेळ सांगून द्या. बाकीचे अन्न राहिले नाही, कचरा झाला, हे मान्य करावे.

आणि ते बकऱ्याला घालू नका. बकरी ईदच्या आधी पंधरा दिवस मोहल्ल्यात हे हमखास होते. लाडाने आणलेल्या बकऱ्याला मुले रोट्या, भात, पाव, गव्हाची मूठ असे दिवसभर चारतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम एवढे पिठूळ गेले की आम्ल वाढते, पोट फुगते, आणि कधी कधी कुर्बानीआधीच जनावर हातचे जाते. भाजीचे देठ, मटारच्या शेंगा, कोबीची बाहेरची पाने, कलिंगडाची थोडी साल चालते. मुख्य चारा मात्र चाराच.

हे सगळे कमी करूनही सालीदेठी उरणारच. त्या कुठे जातात? २०१८ च्या फेब्रुवारीत औरंगाबादकरांना, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या लोकांना, याचे उत्तर रस्त्यावर दिसले. नारेगावच्या डेपोत शहर अनेक वर्षे न निवडलेला कचरा ओतत होते. आसपासच्या गावकऱ्यांनी विहिरींचे पाणी, धूर, माश्या आणि कुत्री सोसून अखेर गाड्या अडवल्या. शहरात ढीग साचले. कचरा टाकायला मिटमिट्याकडे गाड्या नेल्या तेव्हा मार्चमध्ये तिथे दगडफेक झाली, पोलिसांच्या गाड्या जळल्या. उच्च न्यायालयाने नारेगाव बंद करायला लावले. नंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथे प्रक्रिया केंद्रे आली. पुण्याच्या कचऱ्यासाठी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी हेच भोगले, मुंबईचे देवनार १९२७ पासून भरते आहे आणि २०१६ च्या जानेवारीत त्याला लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला होता. देवनारच्या भिंतीला लागून कोण राहते हे वाचकांना सांगायला नको.

दबलेल्या ढिगात हवा जात नाही, आणि हवेवाचून अन्न कुजले की मिथेन वायू होतो. आगी लागतात त्या बऱ्याचशा त्यामुळे. तीच साल हवेत, कोरड्या पाल्याबरोबर कुजली की मिथेन जवळजवळ होत नाही आणि दुर्गंधीही येत नाही. खताचे सगळे गुपित या एका ओळीत आहे.

जागा किती लागते? गॅलरीत किंवा जिन्याखाली दोन जुने माठ किंवा वीस लिटरचे रंगाचे दोन डबे मावले तरी पुरे. बाजूंनी आणि बुडाला तापलेल्या सळईने भोके पाडा. खाली विटांचे दोन तुकडे आणि एक ताटली. तळाशी चार बोटे कोरडा पाला. मग रोज एक वाटी ओले, तर त्यावर एक ते दोन वाट्या कोरडे. ओले म्हणजे भाजीच्या सालीदेठी, फळांची साल, धुतलेली चहाची पत्ती, कुस्करलेली अंड्याची टरफले. कोरडे म्हणजे वाळका पाला, सुताराकडचा भुसा (रंग-पॉलिश न लागलेला), फाडलेला पुठ्ठा, नारळाचा काथ्या. जाणकार सांगतात की कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे पंचवीस-तीस भाग लागतात. ओल्यात नत्र जास्त, कोरड्यात कर्ब. म्हणून नुसत्या साली टाकल्या की लगदा होऊन वास सुटतो, नुसता पाला टाकला की महिनोन् महिने काही घडत नाही. सुरुवातीला मूठभर शेणखत किंवा कुठल्याही जुन्या खताचे विरजण घाला. बाजारातली महाग पावडर नसली तरी अडत नाही.

कलिंगड-खरबुजाच्या सालीत पाणीच पाणी असते, पत्र लिहिणाऱ्या बहिणीचा त्रास तिथलाच आहे. त्या साली बोटभर तुकडे करून जुन्या चाळणीत एक दिवस गच्चीवर वाळवा, मग डब्यात टाका. ढीग निम्म्याहून कमी होतो. मूठभर मिश्रण हातात दाबून पाहा. एखाद-दुसरा थेंब निघाला तर ओल बरोबर, धार लागली तर भुसा वाढवा, काहीच निघाले नाही तर पाण्याचा हबका. आठवड्यातून दोनदा काठीने खालीवर करा. चिलटे आली तर वरचा थर उघडा राहतो आहे असे समजा आणि कोरड्याने नीट झाका. पांढुरक्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कुजवायलाच मदत करतात, फक्त ओल जास्त झाल्याची ती खूण असते.

गोश्त, हाडे, मच्छी, तेलकट सालन घरच्या डब्यात घालायचे नाही. शंभर किलोचा मोठा ढीग साठ अंशांपर्यंत तापतो, त्यात रोगजंतू मरतात. आपला माठ जेमतेम कोमट होतो, शिवाय मांजर आणि घूस त्या वासाने येते. हाडे वेगळ्या पिशवीत घंटागाडीला द्या. कुर्बानीच्या अवशेषांसाठी महापालिकेच्या वेगळ्या गाड्या असतात, तो विषय त्या महिन्याच्या अंकात घेऊ.

पाल्याचे काय? फाल्गुन-चैत्रात कडुलिंब आणि बदामाची पाने अंगणभर पडतात आणि सकाळी सकाळी काडी लावली जाते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घालून साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळण्याला पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. दंडाची गोष्ट सोडा, शेजारच्या दमेकरी आजोबांना तो धूर कसा लागतो हे पाहा. खरे तर हा पाला खत करणाऱ्यासाठी सोने आहे, पावसाळ्यात तो मिळत नाही. आत्ताच गोणीत भरून कोरड्या जागी ठेवा. कब्रस्तानात आणि मशिदीच्या आवारात झाडे मोठी असतात. तिथे कोपऱ्यात विटांचा, फटी ठेवलेला एक हौद बांधला तर वर्षाचा पाला तिथेच जिरतो. जमातीच्या पुढच्या बैठकीत कुणी तरी हा विषय काढावा.

धंद्याच्या जागी तर हिशेब आणखी सरळ आहे. बागवान बांधवांना हे शिकवायची गरज नाही. पहाटे माल निवडताना पिकलेला माल ज्यूसवाल्याला, डागी माल स्वस्तात, साली गोठ्याला, अशी त्यांची साखळी पूर्वापार आहे. बेकरीवाले उरलेल्या पावाचा टोस्ट करतात. नडते ते हॉटेल, कॅन्टीन आणि लग्नाच्या हॉलमध्ये. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठा उत्पादक ठरवले आणि त्यात प्रार्थनास्थळेही धरली. परवाना नसलेल्या जागेवर शंभरहून जास्त माणसे जमणार असतील तर तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवावे आणि कचरा वेगळा ठेवावा, असेही त्यात लिहिले. मैदानात मांडव घालून वलीमा करणाऱ्या किती जणांनी हे ऐकले असेल? ज्या हॉटेलात रोजच भात-रोटी उरते, त्यांनी छोट्या गोबरगॅसचा विचार करावा. पुण्याच्या आरती संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने शेणाऐवजी खरकट्या अन्नावर चालणारे घरगुती संयंत्र केले, त्याला २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘निसर्गऋण’ हे मोठ्या स्वयंपाकघरांसाठी आहे.

दोन-अडीच महिन्यांनी डब्यातला माल काळा, भुसभुशीत होतो आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. चाळून घ्या. चाळणीवर राहिलेले जाड देठ, अंड्याची टरफले आणि आंब्याची कोय पुन्हा नव्या डब्यात. कोय एका फेरीत कधीच कुजत नाही. कुंडीत नुसते खत भरू नका, मातीच्या तीन भागांना एक भाग पुरतो. मोगरा आणि पुदिन्याला महिन्यातून एकदा मूठभर, मुळांपासून थोडे दूर.