आशाताईला कोण विचारणार?

शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत राज्य सरकारने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. हिंगोली त्यातलाच एक जिल्हा. आशाताईने, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेने, घरोघर जायचे, झोप लागते का, जीव नकोसा वाटतो का, असे प्रश्न विचारायचे आणि ज्याची उत्तरे काळजीची वाटतील त्याला उपचारासाठी पुढे पाठवायचे, अशी ही योजना. वसमत तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या गावात हे काम शहरातल्या समुपदेशनाहून अवघड आहे. शहरातला समुपदेशक संध्याकाळी दार लावून घरी जातो. आशाताईचे घर मात्र गावातच असते. ज्या ओट्यावर बसून तिने कर्जाची आणि गेलेल्या सोयाबीनची कहाणी ऐकली, त्याच ओट्यावर आठ दिवसांनी बाळाच्या लसीची आठवण करून द्यायला जावे लागते. त्या घरात नको ते घडलेच, तर ती दुखवट्याला शेजारीण म्हणून बसते आणि आपल्या हातून काही निसटले का, हे मनातल्या मनात तपासत राहते.

दुसऱ्याच्या दुःखाची अशी झळ लागणे हा हळवेपणा नव्हे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने, कामाचा भाग म्हणून भीषण घटनांचे तपशील वारंवार वाट्याला येणे हेही मानसिक आघाताचे एक कारण मानले आहे. कामातून येणाऱ्या थकव्याचे, म्हणजे 'बर्नआउट'चे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वर्णन केले, त्यात तीन खुणा आहेत: शक्ती संपणे, कामावरून मन उडणे आणि आपल्याकडून काही होत नाही असे वाटणे. यातली दुसरी खूण सर्वांत घातक. मन उडालेली आशाताई प्रश्न विचारते, पण समोरच्याचे अडखळणे तिला ऐकू येत नाही. फॉर्म पूर्ण भरतो आणि माणूस निसटतो. म्हणून तिच्या मनाची काळजी हा शेतकऱ्याच्या सुरक्षेचाच भाग आहे.

यावर कोणी म्हणेल, ही सेवा आहे आणि सेवेत एवढे सोसावेच लागते. आशांना सरकारदरबारी 'स्वयंसेविका' म्हणतात, त्यामागेही हीच समजूत आहे. पण सेवाभाव म्हणजे न आटणारी विहीर नव्हे. उपसा चालू आणि पुनर्भरण शून्य असले, तर काय होते हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. दुसरा आक्षेप पैशाचा: आशांच्या संपानंतर मार्च २०२४ मध्ये राज्याने मानधन ५,००० रुपयांनी वाढवले, आता आणखी काय हवे? ती वाढ हक्काची होती, पण पैशाने घर चालते, ऐकलेले दुःख हलके होत नाही. 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, तो उपयोगीही आहे. तरी ज्या व्यवस्थेने ओझे दिले, तिने ते उतरवायची जबाबदारी फोनवर ढकलून मोकळे होऊ नये.

हे ओझे उतरवायला फार मोठा खर्चही लागत नाही. आरोग्य केंद्रात आशांची मासिक बैठक होतच असते. तिथे आकडे मागण्याआधी एक तास त्यांचे ऐकण्यासाठी ठेवावा आणि त्या तासाला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला प्रशिक्षित माणूस हजर असावा. गावात आत्महत्या झाली, तर तिथल्या आशाला काही दिवस सर्वेक्षणातून मोकळीक मिळावी, मानधन न कापता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, तेव्हा टाळ्या आपणही वाजवल्या. आता पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न त्यांना विचारावा: ताई, तुम्हाला झोप लागते का?