गळ्यातल्या माळेवर नव्हे, बळजोरीवर बंदी हवी



कामाच्या ठिकाणी स्त्रीचा लैंगिक छळ झाला तर तिने कुठे दाद मागायची, हे 2013 च्या कायद्याने ठरवून दिले आहे. जिथे दहा किंवा अधिक माणसे कामाला आहेत तिथे अंतर्गत समिती हवी, तिच्यावर बाहेरचा एक सदस्य हवा आणि चौकशी 90 दिवसांत पुरी व्हायला हवी. त्याच कचेरीत एखाद्याला धर्मावरून रोज टोमणे ऐकावे लागत असतील, डब्यात काय आणले यावरून शेरे झेलावे लागत असतील, तर खासगी नोकरीत त्याच्यासाठी अशी व्यवस्था नाही. राज्यघटनेतील भेदभावबंदी नोकरीच्या बाबतीत मुख्यतः सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही. अपंगांसाठी 2016 चा, एचआयव्हीबाधितांसाठी 2017 चा आणि तृतीयपंथीयांसाठी 2019 चा कायदा करताना संसदेने खासगी मालकालाही जबाबदार धरले. धर्म मात्र राहून गेला. 2015 साली मुंबईतल्या एका हिरे निर्यात कंपनीने एका तरुणाला ईमेलने कळवले, की आम्ही फक्त मुस्लिमेतर उमेदवार घेतो. एवढा उघड भेदभाव होऊनही गुन्हा नोंदवावा लागला तो दंड संहितेतल्या राष्ट्रीय एकात्मतेच्या कलमाखाली. ही उणीव भरून काढायला हवी, आणि ती भरताना नियमाचा रोख धर्माच्या खुणांवर नव्हे, तर नकारानंतरच्या बळजोरीवर आणि अधिकाराच्या गैरवापरावर असायला हवा.

हे आग्रहाने सांगण्याचे कारण असे, की खुणांना हात घातला की नियमच बुडतो. जानेवारी 2017 मध्ये आपल्या महाराष्ट्रात सरकारी कार्यालयांतील आणि शाळांतील देवदेवतांच्या तसबिरी काढण्याबाबत परिपत्रक निघाले आणि विरोध होताच मागे घेतले गेले. अमेरिकेतही तसेच घडले. तिथल्या समान रोजगार संधी आयोगाने 1993 मध्ये धार्मिक छळाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वे मसुद्याच्या रूपात मांडली. टेबलावरचे बायबल आणि गळ्यातला क्रॉससुद्धा छळात मोजला जाईल, अशी धास्ती लोकांनी घेतली आणि 1994 मध्ये आयोगाला मसुदा मागे घ्यावा लागला. तीन वर्षांनी, 14 ऑगस्ट 1997 रोजी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी काढलेली तत्त्वे अधिक शहाणी होती. टेबलावर बायबल किंवा कुराण ठेवा, सुट्टीत वाचा, कॅन्टीनमध्ये धर्मावर बोला, पण सहकाऱ्याने ‘पुरे’ म्हटले की थांबा, असे ती तत्त्वे सांगत होती.

ही रेषा कोर्टातही टिकते. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने कचेरीत विविधतेचे फलक लावले, त्यांत समलिंगी कर्मचाऱ्यांचाही समावेश होता. एका कर्मचाऱ्याने उत्तरादाखल स्वतःच्या जागेवर समलैंगिकतेचा धिक्कार करणारी बायबलमधली वचने येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत लावली. सहकाऱ्यांना ती बोचावीत हाच आपला हेतू असल्याचे त्याने वरिष्ठांना सांगितले. अनेकदा समजावूनही वचने उतरवायला तो तयार होईना, तेव्हा त्याला काढण्यात आले आणि 2004 मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. वचने धर्मग्रंथातली आहेत, एवढ्याने शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोचकारण्याचा परवाना मिळत नाही.

आपल्याकडे मात्र बरोबरीच्या सहकाऱ्यापेक्षा वरच्या खुर्चीचा प्रश्न मोठा आहे. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात, तेव्हा कुणाचाही छळ होत नसतो. पण सुपरवायझर वर्गणीची यादी घेऊन फिरतो, रक्कम आणि नाव सगळ्यांसमोर वाचतो आणि पगारवाढीचा शेराही त्याच्याच हाती असतो, तेव्हा न देणाऱ्याच्या मनावर काय दडपण येते, हे सांगायला नको. मालक कोणत्याही धर्माचा असो, प्रार्थनेला हजेरी लावणाऱ्यालाच बढती मिळत असेल तर तोही छळच. म्हणून जुलै 2025 मध्ये अमेरिकी प्रशासनाने केंद्रीय कार्यालयांसाठी पत्रकाद्वारे घेतलेली नवी भूमिका मला साफ चुकीची वाटते. आपलाच धर्म खरा, हे सहकाऱ्याला पटवण्याची मुभा देताना त्या पत्रकाने वरिष्ठ आणि कनिष्ठ यांत फरकच ठेवलेला नाही. आपले गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या साहेबाला ‘पुरे’ म्हणण्याची हिंमत कितीजणांना होईल?

फौजदारी कायदा आहेच, मग नवा नियम कशाला, असे विचारले जाईल. भारतीय न्याय संहितेची 299 आणि 302 ही कलमे लागू व्हायला धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो आणि शिक्षा तुरुंगाचीही असू शकते. रोजच्या टोमण्यांसाठी सहकाऱ्याला तुरुंगात पाठवावे असे बहुतेकांना वाटत नाही. टोमणे बंद व्हावेत, एवढेच हवे असते. पोलीस ठाण्याची पायरी चढली की कचेरीतल्या भांडणाची गावभर दंगल व्हायला वेळ लागत नाही, हाही धोका आहेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: माणसे हळवी झाली आहेत, कपाळावरच्या टिळ्यावरून किंवा डोक्यावरच्या टोपीवरूनही तक्रारी होतील. म्हणूनच नियमात स्पष्ट लिहावे, की नुसती खूण, पेहराव, उपवास किंवा मधल्या सुट्टीतली प्रार्थना हा छळ नाही. स्पष्ट नकारानंतर चालू राहिलेले वर्तन, हेतुपुरस्सर अवमान आणि वरिष्ठाचे दडपण हाच छळ. खोडसाळ तक्रारीवर कारवाईची तरतूद 2013 च्या कायद्यात आहे, आणि तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, हेही तिथेच नमूद आहे. दोन्ही तरतुदी इथेही घेता येतील.

महाराष्ट्राने यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. कामगार कल्याण हा विषय समवर्ती सूचीत आहे आणि राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात भरती, बढती, बदली व वेतनात स्त्रियांशी भेदभाव करायला आधीच मनाई आहे. त्याच अधिनियमात धर्माचा समावेश करून तक्रारीसाठी बाहेरच्या सदस्यासह समिती नेमण्याची दुरुस्ती सरकारने आणावी. सरकार आणत नसेल, तर विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने ती अशासकीय विधेयक म्हणून मांडावी.