हवेतली मिळकत

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर ऱ्होड आयलंड नावाचे राज्य आहे. क्षेत्रफळाने ते त्या देशातील सर्वांत लहान. प्रॉव्हिडन्स ही त्याची राजधानी. तेथे 1764 साली स्थापन झालेले ब्राऊन विद्यापीठ आहे, आणि त्या विद्यापीठातील मुलांनी चालविलेले डब्ल्यूबीआरयू नावाचे एक नभोवाणी केंद्र आहे. ऑगस्ट 2017 मध्ये या मुलांनी आपल्या केंद्राची एफएम वारंवारता 56 लाख 30 हजार डॉलरना विकली. त्या वेळच्या दराने हे सुमारे 36 कोटी रुपये झाले. विकणारे विशी-बाविशीतले विद्यार्थी. विकलेली वस्तू डोळ्यांना न दिसणारी. आणि कायद्याच्या भाषेत बोलायचे तर ती त्यांच्या मालकीचीही नव्हती. पेढीवर बसणाऱ्या माणसाने हा व्यवहार एकदा नीट उलगडून पाहावा असे मला वाटते, म्हणून या महिन्यात त्याची हकीकत सांगतो.

आरंभ 1936 सालचा. जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट हे पहिल्या वर्षात शिकणारे दोन विद्यार्थी. दोघांनाही नभोवाणीच्या यंत्रांचे वेड. त्यांनी वसतिगृहातील खोल्या तारांनी जोडल्या, आणि एका खोलीत लावलेले गाणे दुसऱ्या इमारतीतल्या मित्रांना ऐकू येऊ लागले. या उद्योगाला त्यांनी ‘द ब्राऊन नेटवर्क’ असे भारदस्त नाव दिले. विद्यार्थ्यांनीच उभारलेले आणि विद्यार्थ्यांनीच चालविलेले अमेरिकेतील पहिले महाविद्यालयीन केंद्र म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. नेहमीच्या केंद्राला उंच मनोरा लागतो, शक्तिमान प्रक्षेपक लागतो आणि सरकारी परवाना लागतो. या मुलांनी मनोराच वगळला. अगदी दुबळा संदेश इमारतीच्या विजेच्या तारांत सोडायचा. त्या तारांच्या आसपास काही फुटांत रेडिओ संच असेल तर त्याला तो पकडता येतो, आवाराबाहेर मात्र काही जात नाही. कोठे तारांऐवजी वाफेचे वा वायूचे नळ वापरले जात, म्हणून अशा केंद्रांना थट्टेने ‘गॅस पाइप’ केंद्रे म्हणत. अमेरिकेत नभोवाणीवर देखरेख करणारा संघीय दळणवळण आयोग 1934 साली अस्तित्वात आला होता. त्याने 1938 मध्ये अत्यल्प शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय मुभा देणारे नियम केले. त्यामुळे भांडवल लागे ते तारेचे, थोड्या सुट्या भागांचे आणि रात्रीच्या झोपेचे.

दोघेही नुसते हौशी असते तर पदवीबरोबर हे प्रकरण संपले असते. पण 1940 साली, म्हणजे बाहेर पडण्याच्या वर्षी, त्यांनी अन्य महाविद्यालयांतील अशा केंद्रांना एकत्र आणून ‘इंटरकॉलेजिएट ब्रॉडकास्टिंग सिस्टीम’ ही संघटना उभी केली. कार्यक्रमांची देवाणघेवाण हा एक हेतू. दुसरा हेतू आपल्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल: एका वसतिगृहाच्या श्रोत्यांसाठी कोणताही मोठा कारखानदार जाहिरात देणार नाही, पण अनेक विद्यापीठांचे श्रोते एका करारात मिळत असतील तर तो विचार करील. ही संघटना आजही चालू आहे.

जाहिराती आल्या, आणि त्यांत सिगारेट कंपन्यांचा वाटा मोठा होता. विद्यार्थी हे त्यांचे उद्याचे गिऱ्हाईक. 1963 मध्ये टीका वाढू लागल्यावर या कंपन्यांनी विद्यापीठांच्या आवारातील जाहिरातबाजी आवरती घेतली, आणि एकाच मोठ्या ग्राहकाच्या भरवशावर असलेल्या विद्यार्थी केंद्रांची व वृत्तपत्रांची आवक एकदम आटली. तंबाखूचा पैसा गेला याचे मला काही दुःख नाही. पण एका गिऱ्हाइकावर दुकान चालविण्याचे फळ काय असते, हे त्या मुलांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून लवकर कळले असेल.

दरम्यान तंत्रही बदलत होते. 1948 पासून आयोगाने शैक्षणिक संस्थांना केवळ 10 वॅट शक्तीचे एफएम केंद्र काढण्याची परवानगी दिली. अमेरिकेत एफएम पट्ट्याचा 88 ते 92 हा भाग अव्यापारी केंद्रांसाठी राखीव असतो. तेथे जाहिरात घेता येत नाही. विद्यापीठाचे अनुदान आणि श्रोत्यांच्या देणग्या यांवर निर्वाह करावा लागतो. बहुतेक महाविद्यालये या सुरक्षित वाटेने गेली. ब्राऊनच्या विद्यार्थ्यांनी दुसरी वाट धरली. 1966 साली त्यांनी 95.5 ही वारंवारता मिळविली. ही राखीव भागाच्या बाहेरची, म्हणजे व्यापारी वारंवारता. प्रक्षेपणही दुबळे नव्हते: अख्खे ऱ्होड आयलंड आणि शेजारच्या राज्यांचा काही भाग त्याच्या टप्प्यात येई. परवाना विद्यापीठाच्या नावावर नव्हता. ‘ब्राऊन ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ या स्वतंत्र, ना-नफा संस्थेच्या नावावर तो होता, आणि त्या संस्थेचे सभासद विद्यार्थी होते.

या रचनेमुळे एक विलक्षण शाळा तयार झाली. सकाळी अर्थशास्त्राच्या वर्गात बसणारा मुलगा दुपारी गावातल्या दुकानदाराकडे जाहिरातीचे दर घेऊन जाई आणि रात्री सूक्ष्मध्वनीसमोर बसे. समोरचा श्रोता वर्गमित्र नव्हता. तो कामावरून घरी जाणारा गावकरी होता, आणि कार्यक्रम रुचला नाही तर तो शेजारच्या धंदेवाईक केंद्राकडे खटका फिरवीत होता. नव्या धाटणीचे रॉक संगीत ही केंद्राची ओळख बनली. रविवारी कृष्णवर्णीय समाजासाठी वेगळे प्रक्षेपण असे, आणि ते अनेक दशके टिकले. पुढे सीएनएन वाहिनीवरून जगाला परिचित झालेल्या वार्ताहर क्रिस्तियान अमनपूर यांनी शेजारच्या ऱ्होड आयलंड विद्यापीठात शिकत असताना याच केंद्राच्या वृत्तविभागात काम केले होते.

आता मालकीच्या प्रश्नाकडे येतो. अमेरिकेचा 1934 चा कायदा स्पष्ट सांगतो की परवान्याने वारंवारता वापरण्याचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाही. तरीही आयोगाच्या संमतीने परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येतो, आणि त्याचा मोबदला घेता येतो. मुंबईच्या बाजारपेठेत ज्यांची पागडीची दुकाने आहेत त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. गाळा आपला नसतो, पण तो सोडण्याची किंमत मात्र आपली असते. शहरात वारंवारता मोजक्या आणि मागणारे अनेक, त्यामुळे ही पागडी वर्षानुवर्षे फुगत गेली. वसतिगृहातल्या तारांपासून सुरू झालेल्या संस्थेच्या हाती कोट्यवधींची मिळकत आली, आणि ती कमावण्यासाठी कोणत्याही एका पिढीने फार काही केले नव्हते.

एकविसाव्या शतकात उत्पन्नाची बाजू ढासळू लागली. गाणी आधी संगणकावर आणि मग भ्रमणध्वनीवर आली. जाहिरातदार त्यांच्यामागे गेले. केंद्र तोट्यात जाऊ लागले. आणखी एक गोष्ट घडली, ती मला अधिक बोलकी वाटते: ज्या मुलांनी केंद्र चालवायचे त्यांच्या खोलीत रेडिओ संचच उरला नाही. आपण जो माल विकतो तो आपल्या घरी कोणी वापरत नाही, अशी वेळ आली की दुकानदाराने काय समजावे?

विद्यार्थी सभासदांत मतदान झाले आणि कौल विक्रीच्या बाजूने पडला. जुन्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी याला विरोध केला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात वजन आहे. आजच्या मुलांचा हिशेब सरळ: केंद्र हे शिकण्यासाठी आहे; दरवर्षी तोटा सोसून मनोरा सांभाळण्यापेक्षा मिळकत विकून निधी करावा आणि आपल्या काळाच्या साधनांवर काम करावे. जुन्यांचा प्रश्नही तितकाच सरळ: तुम्ही येथे चार वर्षांचे पाहुणे, ऐंशी वर्षांत अनेकांनी उभे केलेले विकण्याचा अधिकार तुम्हाला दिला कोणी?

बँकेत संस्थांची खाती हाताळताना हा प्रश्न वेगळ्या वेषात नेहमी समोर येई. पदाधिकारी बदलले की ठरावाची प्रत आणि नव्या सह्यांचे नमुने मागवायचे, एवढेच बँकेच्या हाती. सही खरी आहे का हे ताडता येते. सही करणाऱ्याला पुढच्या पिढीची किती चाड आहे हे ताडण्याचा कोणताही नमुना नाही. चार वर्षांनी सर्वच सभासद बदलतात अशी संस्था तर मी कधी पाहिली नाही.

तरीही ब्राऊनच्या मुलांच्या बाजूने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. त्यांनी स्वतःचे स्वतः ठरविले. ह्यूस्टन शहरातील राइस विद्यापीठाची कथा याच्या उलट आहे. तेथेही 1967 साली वसतिगृहातूनच सुरू झालेले केटीआरयू नावाचे केंद्र पुढे 50,000 वॅटपर्यंत वाढले होते. परंतु परवाना विद्यापीठाचा. 2010 मध्ये विद्यापीठाने तो 95 लाख डॉलरना दुसऱ्या विद्यापीठाला देण्याचे ठरविले, आणि केंद्र चालविणाऱ्या मुलांना ही बातमी बाहेरून कळली. निदर्शने झाली, व्यवहार फिरला नाही. त्या मुलांना पुन्हा एफएमवर यायला 2015 उजाडावे लागले, तेही अल्पशक्तीच्या छोट्या केंद्रावर.

आपल्याकडे हा पेच उद्भवत नाही, कारण परवानाच विकता येत नाही. डिसेंबर 2002 मध्ये केंद्र सरकारने शैक्षणिक संस्थांना सामुदायिक नभोवाणीची दारे उघडली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र 1 फेब्रुवारी 2004 रोजी सुरू झाले, ते या प्रकारातील देशातले पहिले. पुण्यात विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ 107.4 वर ऐकू येते, मुंबई विद्यापीठाचेही केंद्र आहे. अशा केंद्रांचा परवाना संस्थेच्या नावावर असतो आणि हस्तांतरणीय नसतो. जाहिरातींना तासाला आधी 5 मिनिटे, मग 7, आणि 2024 पासून 12 मिनिटे अशी मर्यादा आहे. सरकारी जाहिरातीचा दर त्याच वर्षी 10 सेकंदांना 52 वरून 74 रुपये झाला. गुणाकार करून पाहिला तर पूर्ण 12 मिनिटे भरली तरी तासाला 5,328 रुपये होतात. आणि ती पूर्ण भरणे हे बहुतांश कागदावरच. अशा केंद्राला पागडी फुगण्याचे भय नाही. पण विद्यार्थ्याला स्वतः दर ठरवून दुकानदाराच्या दारी जाण्याचे शिक्षणही तेथे मिळत नाही, कारण चालविणारी संस्था आणि तिचे प्राध्यापक असतात; मुले सहभागी होतात.

पुन्हा प्रॉव्हिडन्सला येऊ. 56 लाख 30 हजारांवर नुसते 4 टक्के उत्पन्न धरले तरी वर्षाला 2 लाख 25 हजार डॉलर होतात. विद्यार्थ्यांच्या एका केंद्राला ते भरपूर आहेत. केवळ ताळेबंद पाहणाऱ्याला विक्री योग्यच वाटेल, आणि मलाही ती चुकीची वाटत नाही. भीती आहे ती दुसरीच. वारंवारता ही अविभाज्य मिळकत होती. यंदा थोडी आणि पुढच्या वर्षी थोडी अशी ती खर्च करता येत नव्हती. ठेवायची तर सगळी, विकायची तर सगळी. त्यामुळे चार वर्षांच्या पाहुण्यांपासून ती आपले रक्षण आपणच करीत होती. रोख रकमेला हे कवच नसते. नवे यंत्र, नवी जागा, एखादा समारंभ, अशी कारणे दरवर्षी सापडतात आणि प्रत्येक कारण त्या त्या वेळी रास्तच असते. आपल्या समाजातील कितीतरी संस्थांची गंगाजळी अशा रास्त कारणांनीच आटली आहे. म्हणून जमीन विकून ठेव करणाऱ्या विश्वस्तांना मी एकच विचारीत असे: मुद्दलाला हात लावायचा नाही हे कोणत्या कागदावर लिहिले आहे, आणि तो कागद बदलायला किती जणांच्या सह्या लागतात?

95.5 वर आता देशभर पसरलेल्या एका ख्रिस्ती संगीतसंस्थेचे कार्यक्रम लागतात. डब्ल्यूबीआरयू हे नाव विद्यार्थ्यांनी आपल्याकडेच ठेवले आणि ते इंटरनेटवरून कार्यक्रम करू लागले. 2017 साली ज्यांनी मत दिले ते सारे केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडले.