कागदांची अब्रू

जुन्या घरांत दप्तर म्हणून एक वस्तु असे. तांबड्या खारव्याच्या रुमालांत बांधलेलें तें गाठोडें माजघरांतील पेटींत पडून राही, आणि कर्त्या पुरुषावांचून त्याची गांठ कोणी सोडीत नसे. त्यांत एखादें गहाणखत असे, वांटणीचा कागद असे, कोणा विधवा आत्याच्या पोटगीचा लेख असे. घरांतील दागिन्यांची जितकी काळजी, तितकीच त्या गाठोड्याची. आज तें दप्तर राहिलें नाहीं. त्याची जागा खिशांतील मोबाईलनें घेतली आहे. कागद तेच आहेत, किंबहुना वाढले आहेत. गांठ मात्र सुटली आहे.

हा विषय काढण्यास कारण घडलें तें असें. आमच्या एका वृद्ध आप्तांची चाकणजवळ थोडी वडिलार्जित जमीन आहे. तिचा कांहीं भाग विकून उरलेल्या भागाची व्यवस्था मृत्युपत्रानें लावावी, या हेतूनें ते एका कचेरींत गेले. कायद्याचा सल्ला व जागांचे व्यवहार हीं दोन्हीं कामें एकाच छपराखालीं करणारी ती कचेरी. सोबतीस आम्ही होतों. टेबलावर दुसऱ्याच कोणा कुटुंबाचे कागद उघडे पडले होते. त्यांतील घटस्फोटाचा हुकूमनामा आम्हांस बसल्या जागेवरून वाचतां येत होता. तेव्हांच आम्हीं उठावयास पाहिजे होतें. परंतु उठलों नाहीं. कचेरींतील तरुणानें आमच्या आप्तांचे सर्व कागद मोबाईलवर टिपून घेतले, त्यांतच मृत्युपत्राचा कच्चा मसुदाहि टिपला, आणि जमिनीच्या व्यवहारांतील सर्व मंडळींचा जो व्हॉट्सॲपचा समूह केला होता, त्यावर सोयीसाठीं म्हणून तो सगळा गठ्ठा पाठवून दिला. आठ दिवसांत धाकट्या पुतण्यानें विचारलें, “काका, विहिरीकडचा तुकडा माझ्या वांट्यास कां नाहीं?” काकांनीं तो मसुदा अद्याप काकूंनाहि वाचून दाखविला नव्हता. त्या वर्षीं गणपतींत त्या घरच्या दोन पंगती दोन ठिकाणीं बसल्या.

कचेरीचें नांव आम्ही देत नाहीं, कारण दोष त्या एकीचाच आहे असें आम्हांस वाटत नाहीं. या प्रदेशांत जमिनीचे व्यवहारच इतके झपाट्यानें वाढले कीं, सावधपणास सवड उरली नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ त औद्योगिक विकास महामंडळ आलें. १९८२ त पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. आणि पुढें मोटारींच्या कारखान्यांनीं चाकण गांठलें. मोरया गोसावींच्या समाधीसाठीं ओळखलें जाणारें चिंचवड आज कारखान्यांच्या नगराचें अर्धें नांव झालें आहे. बाजरीच्या शेताचा भूखंड झाला, आणि सात-बाऱ्यावर दहा-पंधरा नांवें असलेला गट विकावयाचा म्हटला कीं प्रत्येक नांवामागें कागदांची चळत उभी राहूं लागली. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबांत मुलगीहि जन्मतः सहदायाद झाली. तें न्याय्यच झालें. पण त्यामुळें सासरीं गेलेल्या बहिणींचे विवाहाचे दाखले, मृतांचे दाखले, वारसांचीं प्रतिज्ञापत्रें, आधार, पॅन, बँकेचे उतारे, सारें एका फायलींत येऊन पडूं लागलें. एका घराची तीन पिढ्यांची कुंडलीच ती.

यांतील सर्वच गुप्त असतें असें मात्र नाहीं, आणि हा भेद गृहस्थांनीं नीट समजून घ्यावा. सात-बारा कोणासहि पाहतां येतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें खरेदीखतें ज्या पहिल्या पुस्तकांत नोंदलीं जातात तें, व त्याची सूची, फी भरून कोणीहि तपासूं शकतो. जमीन कोणाची हें जगास कळलें पाहिजे, नाहींतर एकच जमीन चौघांस विकली जाईल. मृत्युपत्राचें पुस्तक मात्र तिसरें. करणारा जिवंत आहे तोंवर त्याची नक्कल त्यास किंवा त्याच्या मुखत्यारासच मिळते. तो गेल्यानंतर मागेल त्यास. इतकेंच नव्हे, तर मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटांत घालून जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोयहि त्याच कायद्यांत आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं कायदा करणारांस जें कळलें होतें, तें त्या कचेरींतील तरुणास कळलें नाहीं.

वकिलावरील बंधन तर याहूनहि जुनें. पक्षकारानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवांचून उघड करूं नये, असें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें ठरविलें. आणि तें बंधन वकिलाच्या कारकुनावर, नोकरावर व दुभाष्यावरहि घातलें. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यांत हेंच कलम १३२ वें आहे. वकीलपत्र संपलें तरी हें बंधन संपत नाहीं. बेकायदेशीर हेतूनें सांगितलेल्या गोष्टीस मात्र तें संरक्षण नाहीं. जागेच्या मध्यस्थास हें कलम लागू नाहीं, मग त्याची महारेराकडे नोंदणी असो वा नसो. म्हणूनच वकील व मध्यस्थ एका छपराखालीं बसले म्हणजे पक्षकाराची फसगत होते. आपण वकिलास सांगत आहों असें तो समजतो, आणि ऐकत असतो मध्यस्थ.

ही उणीव भरून काढण्याचा यत्न अलीकडे झाला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ त व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. मुख्य बंधनें त्यानंतर अठरा महिन्यांनीं लागू व्हावयाचीं, असें नियमांत म्हटलें आहे. माहिती कशासाठीं घेतों हें सांगून संमति घ्यावी, ती सूचना मराठींतहि मागतां यावी, चूक दुरुस्त करून मागतां यावी, काम संपल्यावर माहिती पुसावयास लावतां यावी, असे हक्क त्यांत आहेत. कायदेशीर हक्क बजावण्यासाठीं माहिती वापरावी लागल्यास यांतील बऱ्याच बंधनांतून सूट आहे. पण ती माहिती सुरक्षित ठेवण्याच्या जबाबदारींतून सूट नाहीं. त्या जबाबदारींत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

हें सारें अतिशयोक्तीचें वाटेल त्यांनीं तेलंगणांतील २०१८ ची हकीगत आठवावी. तेथें एका इसमानें नोंदणी झालेल्या दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे मिळवून त्यांचे रबरी शिक्के बनविले, व त्यांच्या आधारें परक्यांच्या नांवानें मोबाईलचीं सिमकार्डें चालू केलीं. सनदेवरचा शिक्का बदलतां येतो. अंगठा बदलतां येत नाहीं.

तेव्हां कायद्याची वाट न पाहतां घरांतच चार गोष्टी पाळाव्या, असें आम्ही सुचवितों. कचेरींत गेल्यावर पहिला प्रश्न फीचा न करतां, “आमचे कागद कोण पाहील, आणि काम झाल्यावर ते कोठें राहतील?” हा करावा. आधारची प्रत द्यावयाची तर, चालत असेल तेथें, पहिले आठ अंक झांकलेली द्यावी, व ती कोणत्या कामासाठीं दिली हें तारखेसह तिजवरच लिहावें. अंगठ्याची ओळख एरवीं कुलूपबंद ठेवण्याची सोय आधारमध्यें आहे, तिचा उपयोग करावा. मृत्युपत्र, घटस्फोट व आजारपण यांचे कागद समूहावर कधींहि जाऊं देऊं नयेत. ते हातांत द्यावे, आणि हातांत परत घ्यावे.

आणि आतां थोडें स्वतःकडे पाहूं. पिंपरी-चिंचवडांत आपल्या वाचकांपैकीं कित्येकांच्या वरच्या मजल्यावर कारखान्यांतील परप्रांतीय तरुण भाड्यानें राहतात. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानें घरमालकावरच घातली आहे. म्हणून आपण त्यांचे आधार घेतों, छायाचित्रें घेतों, ठसे घेतों. ते तरुण दोन वर्षांनीं निघून जातात, आणि त्यांचे कागद आपल्या रद्दींत राहतात. ती रद्दी गेल्या दिवाळींत आपण कोणास विकली, हें प्रत्येकानें आठवून पाहावें. आम्हीं आठवून पाहिलें, आणि त्या कचेरीवर रागावण्याचा आमचा अधिकार किंचित् कमी झाल्यासारखा वाटला.

आमच्या त्या आप्तांनीं नवें मृत्युपत्र केलें, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली, आणि तें मोहोरबंद करून निबंधकाकडे ठेवलें. विहिरीकडच्या तुकड्याचें त्यांनीं काय केलें, हें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि आम्हीं विचारलेंहि नाहीं.