येऊरची वाट मोकळी हवी

माजिवड्याच्या उड्डाणपुलावरून पश्चिमेला येऊरचे डोंगर दिसतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच हा भाग. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात. बुडून जाणारे जीव पाहता ते आम्हाला मान्यच आहेत, पण नुसत्या बंदीने जंगलाची माया लागत नाही. माणसांची वर्दळ वाढली की बिबट्याला त्रास होतो, हा आक्षेप खरा. मात्र येऊरची शांतता मोडतात त्या रात्रीच्या पार्ट्या, कर्णे आणि झगमगते दिवे. सकाळी पायी फिरणारा नव्हे. म्हणून ठरावीक पायवाटा, मोजकी माणसं आणि सोबत पाड्यावरचाच वाटाड्या, अशी सोय वनखात्याने वाढवावी. मुक्कामाची हौस असेल तर तंबू ठोकायचे ते उद्यानाबाहेर, मुरबाड-शहापूरकडे.

मासेमारीच्या हौसेलाही हाच न्याय. पहिल्या पावसात गाभोळीने पोट फुगलेले मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांतून भातखाचरांत चढतात आणि नेमके तेव्हाच धरले जातात. समुद्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तीही विणीसाठीच. वलगणीचे, म्हणजे असे ओढ्यांतून चढणारे मासे हे आदिवासींचं हक्काचं कालवण आहे, हे कुणी नाकारू नये; थांबायचं आहे ते शहरातून गळ घेऊन जाणाऱ्या हौशींनी.