धोट्याची वाट

यंत्रमागाचा धोटा उभ्या धाग्यांआड क्षणभर दिसेनासा होतो. तरी तो कुठे निघणार, हे भिवंडीचा कारागीर जाणतो. धागा तुटला तर पुढे काय होईल, हेही. कृत्रिम बुद्धिमत्तेची अशी जाण पारखण्यासाठी २०१९ साली संशोधकांनी ‘क्लेव्हरर’ हा २०,००० चित्रफितींचा संच मांडला. त्यात वस्तू एकमेकींवर आदळतात. ‘काय घडले?’ हे तेव्हाच्या प्रणालींनी बरे सांगितले. ‘ही वस्तू नसती तर?’ या प्रश्नावर मात्र त्या अडखळल्या.

बँकेत मी मागांची कर्जप्रकरणे पाहिली. कागदावर मागाची किंमत असे, कारागिराच्या नजरेची कधीच नसे. उद्या ही नजर यंत्राला शिकवायची, तर कारागिराला गुरू मानावे आणि गुरुदक्षिणाही चुकवू नये!