जाहिरातींच्या बाजाराचा तराजू कोणाच्या हाती?

गूगलने एप्रिल २००७ मध्ये ‘डबलक्लिक’ ही कंपनी ३.१ अब्ज डॉलर्सना विकत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा मराठी वृत्तसृष्टीने त्या बातमीची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते. मराठी संकेतस्थळे मोजकी होती आणि वृत्तपत्रांचा संसार छापील जाहिरातींवर चालत होता. आज तो व्यवहार पुन्हा तपासून पाहावा लागतो. अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या संघीय न्यायालयाच्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी एप्रिल २०२५ मध्ये गूगलच्या जाहिरात व्यवसायाविरुद्ध जो निकाल दिला, त्याची मुळे त्या खरेदीपर्यंत जातात.

डबलक्लिक जाहिराती विकत नव्हती. संकेतस्थळावरील रिकाम्या जागेत कोणती जाहिरात, केव्हा आणि कोणत्या वाचकाला दाखवायची हे ठरवणारी, त्याची मोजदाद ठेवणारी यंत्रणा म्हणजे ‘ॲड सर्व्हर’ तिच्याकडे होता. मोठ्या प्रकाशकांचा कारभार त्यावर विसंबून होता. गूगलकडे दुसऱ्या टोकाला लहानमोठ्या जाहिरातदारांची प्रचंड फौज होती. या दोहोंच्या मध्ये क्षणार्धात लिलाव करणारा बाजारही (‘ॲडएक्स’) पुढे त्याच घरात आला. गोव्यातील वाचकांना मासळीच्या पावणीचे उदाहरण सहज पटेल. होडीवाल्याची पाटी सांभाळणारा, बोली पुकारणारा आणि गिऱ्हाइकाच्या वतीने बोली लावणारा असे तिघेही एकाच पेढीचे नोकर असतील, तर मासळीचा खरा भाव होडीवाल्याला कळणार कसा?

ही शंका तेव्हा कोणालाच आली नव्हती असे नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००७ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी व्यवहाराला हिरवा कंदील दाखवला. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या थेट स्पर्धक नाहीत, हा त्यामागील प्रमुख युक्तिवाद होता. विरोधी मत देणाऱ्या पामेला जोन्स हार्बर यांनी मात्र दोन्हीकडील माहितीसाठे एकत्र आल्यावर बाजाराचे काय होईल, हा प्रश्न नोंदवून ठेवला. मार्च २००८ मध्ये युरोपीय आयोगानेही संमती दिली. या खरेदीला कडाडून विरोध करणाऱ्या मायक्रोसॉफ्टने दरम्यान ‘ॲक्वांटिव्ह’ ही जाहिरात कंपनी सुमारे सहा अब्ज डॉलर्सना घेतली आणि २०१२ मध्ये जवळपास ती सारी रक्कम तोट्यात दाखवली. म्हणजे नुसत्या पैशाने हा बाजार हाती येत नाही, हेही सिद्ध झाले.

खरा परिणाम नंतरच्या काळात, आणि तोही बारीकसारीक नियमांतून घडला. प्रकाशकाची जागा आधी ॲडएक्सला दाखवली जाई. तिथे इतर बाजारांच्या प्रत्यक्ष बोलीशी नव्हे, तर त्यांच्या मागील सरासरी भावाशी तुलना होई. कंटाळलेल्या प्रकाशकांनी ‘हेडर बिडिंग’ नावाची पळवाट काढली आणि सर्व बाजारांना एकाच वेळी बोली लावू दिली. तेव्हाही इतरांची सर्वोच्च बोली पाहून मग आपली बोली लावण्याची सोय ॲडएक्सकडे राहिली. ती सोय गूगलने २०१९ मध्ये काढली खरी. पण त्याच वर्षी ॲडएक्ससाठी इतर बाजारांपेक्षा वरचढ किमान दर ठेवण्याची प्रकाशकांची मुभाही संपवली. आपल्या मालाचा भाव कोणाला किती सांगायचा, हा विक्रेत्याचा साधा हक्क. तोच गेला. शिवाय प्रत्येक व्यवहारामागे ॲडएक्सची सुमारे २० टक्के दलाली कायम होती.

निकालातील एक बारकावा ठळक बातम्यांत झाकला गेला. प्रकाशकांचा ॲड सर्व्हर आणि लिलावाचा बाजार या दोन्ही क्षेत्रांत गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली आणि दोन्ही सेवा एकमेकींना जखडल्या, असे न्यायालयाने ठरवले. मात्र जाहिरातदारांच्या बाजूविषयीचा सरकारचा आरोप टिकला नाही. डबलक्लिकची खरेदीही केवळ तेवढ्यापुरती पाहिली तर बेकायदा ठरवण्यास अपुरी मानली गेली. खरेदीने बसायला जागा मिळवून दिली. गुन्हा त्या जागेवरून जे केले त्यात होता. नियामकांची अडचण नेमकी इथेच आहे. त्यांना परवानगी पहिल्या दिवशी द्यायची असते आणि पुरावा पंधरा-अठरा वर्षांनी हाती येतो.

मराठी संकेतस्थळांचा या साऱ्याशी संबंध ॲडसेन्सच्या मार्गाने येतो. या सेवेत हिंदीला २०१४ च्या अखेरीस अधिकृत स्थान मिळाले. मराठीला त्यानंतरही काही वर्षे ताटकळावे लागले. ॲडसेन्स नसते तर अनेक छोटी मराठी संकेतस्थळे उभीच राहिली नसती, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण विक्रीचा स्वतंत्र विभाग नसलेल्या प्रकाशकाला महिनाअखेर फक्त जमा झालेला आकडा दिसतो. जाहिरातदाराने किती मोजले, हे त्याला उमगत नाही. याच अपारदर्शकतेची तक्रार डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनने केली आणि भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. सप्टेंबर २०२४ पासून आपल्याकडे दोन हजार कोटी रुपयांहून मोठ्या खरेदीची, कंपनीचा भारतात भरीव कारभार असल्यास, आयोगाकडे पूर्वसूचना द्यावी लागते. पूर्वीच्या उलाढालीच्या निकषातून असे व्यवहार निसटत असत.

ॲडएक्स विकायला लावावे, अशी मागणी अमेरिकी सरकारने न्यायालयात केली. ते घडले तरी त्याचा लाभ आधी स्वतःचा ॲड सर्व्हर चालवणाऱ्या मोठ्या प्रकाशकांना होईल. छोट्या मराठी दैनिकाला आज भाव स्वतः ठरवता येतो तो म्हापसा, फोंड्याच्या व्यापाऱ्याकडून थेट मिळवलेल्या जाहिरातीचाच. ते काम पानावर कोडच्या चार ओळी चिकटवण्याइतके सोपे नाही. त्याला दारोदार फिरणारा माणूस लागतो, आणि त्याचा पगारही.